इथे सर्व खुशाल

अल नहदा, शारजा
३ ऑक्टोबर २०२५

खैरू,

अस्सलामु अलैकुम.

काल तुला विमानतळावर सोडलं, घरी आलो आणि तुझ्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो. मग उठलो. त्या खुर्चीतून पार्किंगशिवाय काही दिसत नाही. तू तिथे बसून एवढी वर्षं काय बघत होतीस कोण जाणे.

ठरल्याप्रमाणे लिहितो आहे. फोनवर आपलं जमणार नाही, हे तुझंच म्हणणं. ‘तुम्ही ऐकत नाही, नुसतं हो हो करता.’ खरं आहे. आयुष्यभर जमिनीत खांब ठोकणाऱ्या पायलिंगच्या मशीनशेजारी उभा राहिलो. उजवा कान गेला, डावा अर्धा राहिला. त्यापेक्षा पत्र बरं. दोनदा वाचता येतं.

पण हे सगळं उलटं झालंय. लग्नानंतर मी इकडे आणि तू रत्नागिरीला, तेव्हा परदेशातून मी लिहायचो आणि पोस्टमनची वाट तू बघायचीस. आता मी घरात आणि तू तिबेटला. रिटायर झालेली बाई हजला जाते, मुलाकडे जाते. इतिहासाची टीचर सातवीच्या पुस्तकातल्या एका परिच्छेदातली मशीद बघायला हिमालयापलीकडे जाते, हे मी मशिदीत कुणाला सांगितलं तर लोक हसतात. मी त्यांना सांगतो, तुम्ही तिच्या वर्गात बसला नव्हता म्हणून हसता.

तेव्हाचा आपला नियम आठवतो ना? आजार पत्रात लिहायचा नाही. बरं झाल्यावरच लिहायचा. पत्र पोचायला पंधरा दिवस लागायचे; वाचणाऱ्याने उगाच घोर लावून घ्यायचा आणि करता काहीच यायचं नाही. आमच्या खोलीतली सगळी माणसं तापाने फणफणलेली असायची आणि सगळ्यांच्या पत्रात एकच ओळ: इथे सर्व खुशाल. तो नियम आता खलास. मेल मिनिटात पोचते. जे असेल ते लिही.

तुझ्या बॅगेत निळ्या पिशवीत ओआरएसची पाकिटं भरून दिली आहेत. डोकं दुखलं, मळमळलं, पाय गळाल्यासारखे वाटले, की आधी पाणी, मग विश्रांती. माझ्या साइटवर उन्हाने एकही माणूस गेला नाही तो याच पाण्यामुळे. सेफ्टी ऑफिसरची बायको आहेस, माझं नाव घालवू नकोस. खालच्या फराळाच्या दुकानातल्या सुरुचीबाई उंचीवरच्या कसल्या गोळ्या घेऊन निघाल्यात, त्या तू घेऊ नकोस. बीपीची गोळी चालू असताना आणखी दुसरी नको.

हम्माद रुवैसच्या रिफायनरीत शटडाउनच्या कामावर गेला. सूनबाई आणि अलिशा वरच्या मजल्यावर आहेतच. अलिशाला म्हटलं, दादी कुठे पोचली असेल? फोनवर टाइप करून दाखवलं, ‘दादा, चिल.’

पाणी पी.

तुझा,
हमीद

*

ल्हासा
५ ऑक्टोबर

हम्मादच्या अब्बांना,

वालेकुम अस्सलाम.

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही. पाणी पिते आहे. कानटोपी घातली आहे. बीपीची गोळी घेतली. गुडघा बरा आहे. झालं? आता मी बोलू?

विमानतळावरून बाहेर आले आणि ऊन बघून वाटलं, शारजालाच उतरले. तसंच डोळ्यांत घुसणारं. पण सावलीत पाऊल टाकलं की थंडी चावते. उन्हात स्वेटर काढायचा, सावलीत घालायचा, असं आमच्या ग्रुपमधल्या आठही जणांचं दिवसभर चालू आहे. सुरुची म्हणते, ‘ताई, आपण माणसं नाही, कपड्यांची दांडी आहोत.’ ती माझी रूम पार्टनर. बडबड करते, पण मनाची चांगली. घोरते.

आमची गाइड यांगचेन. इंग्रजी बोलते आणि हिंदी गाणी अर्थ न कळता सुरात म्हणते. तिने काल आम्हाला जोखांग मंदिरापुढचा जुना खांब दाखवला. दगडी खांब आहे, भोवती भिंत बांधली आहे. टाचा उंचावल्या तर वरचा भाग दिसतो. बाराशे वर्षांपूर्वी तिबेटचा राजा आणि चीनचा बादशहा लढून लढून थकले आणि त्यांनी तह केला. तिबेटच्या राजाने तो दोन्ही भाषांत या खांबावर कोरून घेतला. तिबेटी लोक तिबेटमध्ये सुखी राहतील, चिनी लोक चीनमध्ये. मी वर्गात एवढे तह शिकवले, सगळे कागदावरचे. हा हातभर अंतरावर होता. मी उभीच राहिले. सुरुची म्हणाली, ‘चला ताई, खांबच आहे.’

आणि ज्याच्यासाठी आले ते आज पाहिलं. ल्हासाची जुनी मशीद. गल्लीच्या टोकाला, बाहेरून नवीन वाटावी अशी रंगवलेली. पांढऱ्या टोप्या घातलेले म्हातारे तिबेटी बोलत बाहेर आले. यांची खापरपणजोबांपलीकडची पिढी काश्मीरहून लोकर आणि केशराच्या व्यापाराला आली आणि इथलीच झाली. इथले लोक त्यांना खाचे म्हणतात. त्यांच्यात एक गोष्ट सांगतात. एक मुसलमान रोज शहराबाहेरच्या टेकडीवर एकटा नमाज पढायचा. पाचव्या दलाई लामांनी महालातून ते पाहिलं, बोलावून विचारलं. तो म्हणाला, शहरात आम्हाला जागा नाही. तेव्हा लामांनी तिरंदाजाला चारी दिशांना बाण सोडायला लावले आणि बाण पडले तिथपर्यंतची जमीन त्यांना मशिदीला आणि कबरस्तानाला दिली. खरंखोटं अल्ला जाणे. पण गोष्ट तीनशे वर्षं टिकली याचा अर्थ शेजार बरा होता.

दारात खतीजा नावाची एक आजी भेटली. लहानपणी मदरशात शिकलेलं थोडं उर्दू तिला येतं. मला विचारलं, ‘कहाँ से?’ म्हटलं, शारजा. तिला कळेना. म्हटलं, रत्नागिरी. तेही कळेना. मग म्हटलं, समुंदर. तर हसली आणि माझा हात धरून म्हणाली, ‘हमने नहीं देखा.’

पहिल्या दिवशी जरा डोकं दुखलं होतं. आता बरं आहे. मी खुशाल आहे.

दुआ करा.
खैरुन्निसा

*

अल नहदा
६ ऑक्टोबर

खैरू,

तुझं डोकं दुखलं हे वाचून मीच उठून दोन ग्लास पाणी प्यायलो.

रोल्लाच्या बाजारात जाऊन तिबेटचा मोठा नकाशा प्रिंट करून आणला आणि डायनिंग टेबलामागच्या भिंतीवर लावला. आता जेवताना माझी पाठ खोलीकडे आणि तोंड तिबेटकडे असतं. लासा (तू ल्हासा लिहितेस, मी लासाच लिहिणार) आपल्या जेबेल जैस डोंगराच्या जवळपास दुप्पट उंच आहे. जेबेल जैसला अलिशाने गाडीत उलटी केली होती, आठवतं? आता मला सांग, लघवीचा रंग कसा आहे? हसू नकोस. साइटवर मी रोज सकाळी दोनशे माणसांना हेच विचारायचो. पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय.

ती बाणांची गोष्ट मी अलिशाला सांगितली. तिने कागदावर लिहून दाखवलं: ‘वॉट इफ द ॲरो हिट समवन?’ याचं उत्तर तूच दे. हल्ली ती माझ्याशी बोलायच्या ऐवजी चिठ्ठ्याच लिहिते. नव्या पिढीची फॅशन, दुसरं काय.

समोरच्या कुलसुमआपा रोज काहीतरी पाठवतात. काल कोळंबीचं कालवण. मी नको म्हटलं तरी डबा दारात ठेवून जातात, बेल वाजवली होती म्हणतात. मी खुशाल आहे, काळजी करू नकोस.

पुढे आणखी वर चढणार आहात. पाणी वाढव.

हमीद

*

ग्यांत्से
७ ऑक्टोबर

हम्मादच्या अब्बांना,

अलिशाला सांगा, गोष्टीत बाण कुणाला लागला असता तर ती गोष्ट खाचे लोकांनी सांगितली नसती, ज्याला लागला त्याच्या घरच्यांनी सांगितली असती. इतिहास असाच असतो. परीक्षेत येणार नाही, पण लक्षात ठेव म्हणावं.

आज दिवसभर गाडीत होतो. दोन मोठ्या खिंडी लागल्या. पहिलीवरून यामद्रोक तळं दिसलं. निळा रंग मी आपल्या समुद्राचा पाहिलाय, पण हा निळा थंड आहे, मायेचा नाही. भोवती झाड नाही, घर नाही. वारा एवढा की यांगचेनच्या टोपीमागे ड्रायव्हर धावला. दुसऱ्या खिंडीत बर्फाची जीभ थेट रस्त्यापर्यंत खाली उतरते. तिथे सगळे फोटो काढायला उतरले. मी गाडीतच बसले. फोटो काय, सुरुची काढतेच आहे.

ग्यांत्सेचा किल्ला खडकाच्या सुळक्यावर आहे. एकोणीसशे चारमध्ये इंग्रजांची फौज इथे आली आणि तोफांनी किल्ल्याची भिंत फोडली. तिबेटी लोकांकडे वातीच्या बंदुका होत्या. मला टोचलं ते हे, की इंग्रजांच्या त्या फौजेत आपल्याकडचे शीख आणि गुरखे होते. यांगचेनने ते सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही, मुद्दामच. मी म्हटलं, आमचे होते, मला माहीत आहे. ती म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही चढून बघणार का?’ म्हटलं, नको, खालूनच दिसतंय.

सुरुचीची तब्येत ठीक नाही. सकाळपासून डोकं ठणकतंय, खाल्लेलं राहत नाही. काल हॉटेलचा जिना चढताना भिंत धरून चढली. मी तिला तुमची पाकिटं देते आहे. आणखी काय द्यावं, तुमच्या अनुभवात काही असेल तर लिहा. तिच्यासाठी विचारते आहे.

मी खुशाल आहे.

खैरुन्निसा

*

अल नहदा
८ ऑक्टोबर

खैरू,

सुरुचीबाईंसाठी सांगतो, नीट लक्ष दे. ही सगळी लक्षणं माझ्या ओळखीची आहेत. जून-जुलैत साइटवर रोज दिसायची. तिला आडवं करून अंगावरचे कपडे सैल कर. कपाळावर ओला रुमाल. पाकीट अर्ध्या लिटर पाण्यात घोळून घोट घोट पाज. अर्धा दिवस विश्रांती, की यल्ला, माणूस कामावर हजर. घाबरायचं काही नाही. तू बर्फाजवळ गाडीत बसून राहिलीस ते मात्र मला आवडलं नाही. एवढे पैसे मोजून गेलीस, उतरायचंस.

पण एक विचारू? तू लिहिलंस की सुरुचीबाईंना खाल्लेलं राहत नाही, आणि फोटो पण त्याच काढतायत. एवढ्या आजारी बाईला खिंडीत वाऱ्यात फोटो काढायची हौस कशी?

उत्तर दे. आज इथे सगळं ठीक.

हमीद

*

शेगार
९ ऑक्टोबर

हमीद,

मी खुशाल आहे. रुमाल ओला करून ठेवला, तो बर्फासारखा झाला, तरी ठेवला. तुम्ही सांगितलं म्हणून. मी खुशाल आहे.

शिगात्सेचा मठ पाहिला. मोठा आहे. पितळेचा. लाल कपडे घातलेली मुलं पळत होती, मी त्यांना म्हटलं, रांगेत चला. मग तो खांब पाहिला, ग्यांत्सेचा, जो इंग्रजांनी उभा केला. त्यावर तह आहे, शिखांशी आणि गुरख्यांशी. दोन्ही भाषांत. लिहिलंय की सगळे सुखी राहतील. बाण लागला तरी.

हम्मादला शाळेतून आणलंत का? त्याच्या डब्यात पोळी कोरडी झाली असेल. जेट्टीवर नका नेऊ, वारा फार आहे.

उद्या आम्ही वर जाणार. जगातला सगळ्यात उंच डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी. यांगचेन म्हणते मॅडम ठीक आहात ना, मी म्हटलं मी खुशाल आहे. सगळ्यांना सांगितलं. पाणी पिते आहे. खुशाल आहे.

खै

*

अल नहदा
१० ऑक्टोबर, सकाळ

सुरुचीताई,

मी हमीद, खैरुन्निसाचा नवरा. तुमच्या दुकानातून नंबर घेऊन हा मेसेज लिहितो आहे. अलिशाने तुम्हाला आणि गाइडला फोन लावून पाहिला, लागत नाही. कृपा करून हा मेसेज वाचाल तिथे गाडी थांबवा.

माझी बायको आजारी आहे. ती ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही विचाराल तर ती खुशाल आहे म्हणेल. ही आमच्या घरातली जुनी सवय आहे, आणि ती मीच लावली आहे.

तिचं कालचं पत्र पहाटे फजरला वाचलं. तिच्या हाताखालून अख्खी पिढी इतिहास शिकून गेली. ती झोपेतही बाराशे वर्षांपूर्वीचा खांब इंग्रजांना देणार नाही. काल तिने दिला. हम्माद पस्तिशीचा आहे, त्याला शाळेतून आणलं का म्हणून विचारते. आणि ताई, पत्रावर तिने माझं नाव लिहिलं आहे. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझं नाव कधी घेतलं नाही, लिहिलं नाही. आमच्याकडे तिच्या वयाच्या बायका घेत नाहीत.

पत्र घेऊन समोर कुलसुमआपांकडे गेलो. त्यांची फिझा क्लिनिकमध्ये नर्स आहे, ती ड्यूटीवर निघाली होती. तिने दारातच पत्र वाचलं आणि माझ्यावर ओरडली. मग कागदावर लिहूनच दिलं, ‘चाचा, उन्हात माणसाला सावलीत बसवून पाणी दिलं की तो उठतो. उंचीवर तो उठत नाही. पाण्याने हे जात नाही. खाली आणावं लागतं, आणि आत्ताच्या आत्ता.’ लक्षणं तीच, ताई, डोकं, मळमळ, लटपटणारे पाय. पण दुखणं दुसरं. मी इथे बसून तिला साइटवरच्या मजुरासारखं विश्रांती घे म्हणून सांगत राहिलो आणि तुमची गाडी वर वर जात राहिली. तुमच्या नावाने तिने स्वतःचंच दुखणं विचारलं, आणि मी तुमच्या नावाने उत्तर दिलं.

फिझाने दोन गोष्टी करायला सांगितल्या आहेत. एक, तिला सरळ रेषेत चालायला लावा, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत. दुसरी, साधा प्रश्न विचारा जो तिला येणारच. लासाचा खांब कुणी उभारला, हे विचारा. तिला ते येत नसेल तर एक पाऊलही वर जाऊ नका.

माझ्या फोनवर काल दुपारी एका नंबरचे मिस्ड कॉल होते. आता कळलं ते तुमचे होते. मी नमाजला गेलो होतो. माफ करा.

तुमचा भाऊ समजा.
हमीद

*

शिगात्से
११ ऑक्टोबर

हमीदभाई,

आधी हे वाचा: ताई वाचल्या आहेत. हॉस्पिटलमध्ये आहेत, ऑक्सिजन चालू आहे, मला ओळखतात. आता बाकीचं.

मला पत्रं वगैरे लिहिता येत नाही, ऑर्डरच्या लिस्टा सोडून मी काही लिहिलेलं नाही, पण फोनवर तुम्हाला ऐकू जाणार नाही असं ताई म्हणाल्या, म्हणून टाइप करतेय.

तुमचा मेसेज आला तेव्हा आम्ही गाडीत बसून निघालेलो. नेटवर्क जेमतेम एक काडी. खरं सांगते, मला दोन दिवसांपासून डाउट होता. ताई गप्प होत्या, खात नव्हत्या, आणि विचारलं की ‘मी खुशाल’. म्हणूनच तुम्हाला कॉल केले. तुम्ही उचलला नाहीत, तर मला वाटलं उगीच घरच्यांना कशाला टेन्शन. माझ्या गोळ्या मी त्यांना देत होते तर म्हणाल्या, ‘हम्मादच्या अब्बांनी नको सांगितलंय.’ तुमच्यावर रागच आला होता मला. अजून थोडा आहे.

मी गाडी थांबवली. यांगचेन म्हणाली काय झालं? मी म्हटलं, टेस्ट. ताईंना उतरवलं. रस्त्यावरची पांढरी रेघ होती, म्हटलं, ताई, याच्यावरून चाला. त्या हसल्या, म्हणाल्या, ‘पी.टी.चा तास आहे का?’ आणि पहिलं पाऊल टाकलं ते थेट बाजूला. दुसरं माझ्या अंगावर. मी धरलं नसतं तर नाल्यात होत्या.

मग मी विचारलं, ताई, ल्हासाचा खांब कुणी उभारला? त्या एकदम खूश झाल्या, वर्गात कुणी चांगला प्रश्न विचारल्यासारख्या. म्हणाल्या, ‘हमीदने. पायलिंग त्यानेच केलं. सेफ्टी सर्टिफिकेट मी स्वतः पाहिलंय.’

भाई, सुरुवातीला मला हसूच आलं. मग यांगचेनचा चेहरा बघितला. तिने ड्रायव्हरला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण त्याने गाडी जागच्या जागी फिरवली. ग्रुपमधले दोघं म्हणायला लागले, पण आमचा बेस कॅम्प? यांगचेन इंग्रजीत एकच वाक्य म्हणाली, ‘द माउंटन विल बी हिअर.’ त्यांनाही पटलं, नाहीतर मी होतेच. गाडीत ऑक्सिजनची नळकांडी होती ती लावली. येतानाची ती मोठी खिंड परत ओलांडावी लागली, तेवढा वेळ मी जीव मुठीत धरून बसले होते. ताई अर्ध्या वाटेत झोपायला लागल्या तर यांगचेन म्हणाली झोपू देऊ नका. मी काय बोलणार? मी त्यांना चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारत राहिले, त्या चुकीचं सांगत राहिल्या. शिगात्से जवळ आलं तेव्हा त्या अचानक म्हणाल्या, ‘तांदूळ एवढे नाही घालायचे गं, कडक होते.’ मी रडले, माझी चकली खरंच कडक होते.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय. म्हणाले आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. दोन दिवस इथे, मग खाली. अजून पूर्ण धोका टळला म्हणत नाहीत.

तुमच्या घरात खुशाल हा शब्द बंद करा आता.

सुरुची

*

ल्हासा
१३ ऑक्टोबर

हम्मादच्या अब्बांना,

सुरुचीने तुमचा मेसेज दाखवला. माझं स्वतःचं पत्रही दाखवलं. ते माझं आहे यावर विश्वास बसत नाही; लिहिल्याचं काही आठवत नाही. त्या रात्रीचं एवढंच आठवतं की कपाळावर काहीतरी थंड होतं आणि मला वाटत होतं, हे काढलं तर तुम्ही रागवाल.

तुम्ही नियम खलास म्हणालात, पण मला तो मोडता आला नाही. मी लिहायला बसले की हात आपोआप तेच लिहितो. तुम्हीच तर मला शिकवलंत. एका वर्षी तुमच्या पत्रांतलं अक्षर अचानक बदललं होतं, आठवतं? सगळी अक्षरं डावीकडे कललेली. आणि खाली नेहमीसारखं, खुशाल. मी दोन महिने ते अक्षर बघत बसले. तुमचा उजवा हात मोडलाय हे मला हम्मादच्या मामाकडून कळलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, पत्राचा उपयोग झाला नाही.

आता जसं आहे तसं लिहिते. मी खुशाल नाही. डोकं दुखतं. बोटं सुन्न आहेत, म्हणून हळू टाइप होतंय. डॉक्टर म्हणतात उद्या-परवा काठमांडूला उतरलं की बरं वाटेल, पण विमानात काय होईल ते कुणी छातीठोक सांगत नाही. मला भीती वाटते. डोंगर बघायचा राहिला याचं वाईट वाटत नाही. काल गाडी त्या मंदिरावरून गेली, भिंतीवरून खांबाचा माथा दिसला, आणि तो कुणी उभारला हे मला चटकन आठवलं नाही. क्षणभर नाही आठवलं. तेव्हा जेवढी घाबरले तेवढी शेगारला घाबरले नसेन.

आता तुम्ही लिहा. सुरुचीने चार वेळा फोन केला होता म्हणते, दुपारी. दुपारी कुठली नमाज एवढा वेळ चालते? आणि अलिशा चिठ्ठ्या का लिहिते? कुलसुमआपांनी वाजवलेली बेल तुम्हाला का कळली नाही? मी आजारी होते, वेडी नव्हते.

खैरुन्निसा

*

अल नहदा
१३ ऑक्टोबर, संध्याकाळ

खैरू,

लिहितो.

नमाजला गेलो नव्हतो. घरातच होतो. फोन माझ्यामागे टेबलावर होता. मी नकाशासमोर उभा राहून तुमच्या टूरच्या यादीतलं शेगार कुठे आहे ते शोधत होतो. बराच वेळ फोन वाजत होता, असं अलिशा वरून धावत आली तेव्हा कळलं. वरपर्यंत आवाज येत होता म्हणे. मला नाही आला.

डावा कानही गेला आहे. तू जायच्या आदल्या आठवड्यातच. विमानतळावर तू काहीतरी म्हणालीस, मी हो हो म्हटलं. काय म्हणालीस ते मला अजून माहीत नाही. तुला सांगितलं असतं तर तू गेली नसतीस. आणि तू तो मशिदीचा दरवाजा किती वर्षं मनात धरून होतीस ते मला ठाऊक होतं. म्हणून लिहिलं, खुशाल. तुझा जीव जाता जाता राहिला तो माझ्या दोन चुकांमुळे. एक, मी डोंगराला वाळवंट समजलो. दुसरी, वाजणारा फोन.

म्हणजे तुला हवं तसं लिहितो: मी खुशाल नाही. ऐकू येत नाही. झोप नाही. तुझ्या मसाल्याच्या डब्यातली हळदीची वाटी सांडली, ओट्यावर पिवळा डाग पडलाय, जात नाही. हम्माद उद्या रुवैसहून येतोय, मग काठमांडूला तुला घ्यायला जाईल. मीही येतो म्हटलं तर त्याचा मेसेज आला, ‘अब्बा, तुम्ही तिथे अनाउन्समेंट ऐकणार कशी?’

फिझाने विचारलंय: डोकं वाढतंय का कमी होतंय? बोटं दोन्ही हातांची की एकाच? लपवू नकोस.

मलाही एक विचारायचं आहे. तू बरी नव्हतीस तेव्हाचं पत्र मी फेकलेलं नाही. वरची पहिली ओळ परत परत वाचतो, आणि वाचताना घाबरतो. शुद्धीत असताना तसं कधी लिहिशील का, एवढंच. ऐकू तर येणार नाहीच आता. लिही.

हमीद

*

ल्हासा
१४ ऑक्टोबर

हमीद,

ल्हासाचा खांब तिबेटच्या राजाने उभारला. इसवी सन आठशे तेवीस. म्हणजे मी शुद्धीत आहे, आणि वरचं नाव शुद्धीत लिहिलं आहे.

दोन्ही हातांची बोटं. डोकं कालच्यापेक्षा कमी, पण दुखतं. विमान दुपारचं आहे.

विमानतळावर मी म्हणाले होते, कानाला जपा.

खैरुन्निसा